युरोपात मालक आणि युनियन एका टेबलावर बसतात म्हणे, त्याचा आमच्या चार्टरशी काय संबंध?

फिटर_कुंडई

नमस्कार मंडळी. गोव्यातल्या कुंडई इस्टेटीत एका फास्टनर कंपनीत आहे, नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही. युनियन कमिटीत आहे. पगाराचं जुनं सेटलमेंट संपलं, नवीन चार्टर, म्हणजे मागण्यांची यादी, देऊन झालं, आणि गेल्या मीटिंगला मॅनेजमेंटने प्रोजेक्टर लावला. आम्हाला वाटलं बॅलन्सशीट दाखवतायत, तर निघालं युरोप. आमचे नट-बोल्ट अर्ध्याच्या वर तिकडे जातात, आणि तिथे म्हणे १ जानेवारी २०२६ पासून कार्बन टॅक्स बसलाय, त्यामुळे मार्जिन गेलं, त्यामुळे यंदा बेसिकला हात लावायचा नाही, पाहिजे तर प्रॉडक्शन इन्सेन्टिव्ह घ्या. पुढच्या स्लाइडवर हिरव्या पानाचं चित्र आणि त्याखाली ‘सोशल डायलॉग’, ‘जस्ट ट्रान्झिशन’ (म्हणजे हवामानासाठी बदल करताना कामगाराला वाऱ्यावर सोडायचं नाही). साहेब म्हणाले, युरोपात बघा, मालक आणि कामगार मिळून हवामानाचं धोरण ठरवतात, तिथे भांडणं नाहीत, तुम्हीही तशी मॅच्युरिटी दाखवा. मॅच्युरिटी म्हणजे गप्प राहा, एवढं आम्हाला कळलं.

मला विचारायचं हे की तिकडे खरंच असं काही आहे का की नुसतं स्लाइडवरचं? असेल तर त्यात युनियनला मिळतं काय, पगार मिळतो का, नोकरी राहते का? आणि ह्या कार्बन टॅक्सचं कारण दाखवून आमचं बेसिक अडवणं बरोबर आहे का, म्हणजे हिशोबात बसतं का? कमिटीत आम्ही सगळे आयटीआयवाले, समोर एमबीए बसलेत, त्यामुळे बोलताना एक आकडा चुकला की ते तिथेच पकडतात. कुणाला नीट माहीत असेल त्यानेच लिहा, फॉरवर्ड टाकू नका.

माशेल_एक्स्पोर्ट

मी एका एक्स्पोर्टरकडे कॉम्प्लायन्स बघते, ह्याच कागदांत डोकं घालून बसलेली असते, म्हणून फक्त टॅक्सचं लिहिते, डायलॉगचं दुसरं कोणी लिहा.

त्याला सीबॅम म्हणतात, बाहेरून युरोपात येणारा माल बनवताना जो कार्बन निघाला त्यावरचा चार्ज. पोलाद, अ‍ॅल्युमिनियम, सिमेंट, खत, हायड्रोजन आणि वीज एवढ्यांना लागतो, आणि हो, नट-बोल्ट पोलादाच्या यादीत आहेत, तेवढं तुमचे साहेब खरं बोलले. पण सर्टिफिकेट विकत घ्यायची ती तिकडच्या आयातदाराने, तुमच्या कंपनीने नाही. आणि २०२६ मध्ये गेलेल्या मालाची सर्टिफिकेटं विकायला निघणार फेब्रुवारी २०२७ ला. म्हणजे आज ह्या घडीला ह्या टॅक्सपोटी कुणाच्या खिशातून एक युरो गेलेला नाही. कस्टमर आधीच भाव पाडून मागत असेल, ते होतं, आमच्याकडेही होतंय, पण मग तो भाव पाडल्याचा ईमेल दाखवा म्हणा, स्लाइड नको.

दुसरं म्हणजे बोल्टमधला कार्बन कुठून येतो ते बघा. पोलादाच्या मालाला सीबॅममध्ये सध्या फक्त थेट धूर धरतात, वापरलेली वीज धरत नाहीत. तुमच्याकडे हेडिंग, थ्रेड रोलिंग, हीट ट्रीटमेंट होत असेल, त्यात फर्नेसला गॅस जळतो, फार तर तेवढाच तुमचा. बाकी सगळा वायर रॉडमधून येतो, म्हणजे ज्या मिलकडून रॉड घेता तिथून. भारतात एक टन पोलादामागे साधारण अडीच टन कार्बन डायऑक्साइड जातो, जगाची सरासरी दोनच्या आसपास. कंपनीने मिलकडून खरा आकडा आणून, तपासून घेऊन दिला नाही तर डिफॉल्ट आकडा धरतात आणि तो चढा असतो. त्यामुळे खर्च कमी करायचा तर पर्चेस डिपार्टमेंटला कामाला लावा, भट्टीवाल्या मिलकडून घेताय की भंगार वितळवणाऱ्या मिलकडून, त्यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. फिटरच्या बेसिकने एक ग्रॅमही कमी होत नाही.

एक मात्र मॅनेजमेंटच्या बाजूने सांगते. युरोपातल्या कारखान्यांना कार्बन सोडायचे जे परवाने फुकट मिळत होते ते हळूहळू काढून घेतायत, २०२६ ला अडीच टक्के, २०३० पर्यंत जवळपास निम्मे आणि २०३४ ला सगळे, आणि त्याच प्रमाणात सीबॅम वाढत जाणार. यंदा भार थोडा आहे, पण रॉड फार घाणेरडा असेल तर बेंचमार्कच्या (ठरवून दिलेल्या आकड्याच्या) वरचा फरक यंदाच्या हिशोबातच धरला जातो. तेव्हा ‘काहीच नाही’ असं मीटिंगमध्ये म्हणू नका, पकडतील.

जुना_युनियनवाला

वरच्या ताईंनी अर्धं काम केलं. डायलॉगचं मी सांगतो, रिटायर माणूस आहे, वेळ भरपूर.

हे स्लाइडवरचं नाही, खरं आहे, पण भांडणं नाहीत हे साफ खोटं. जानेवारी १९८५ मध्ये ज्याक दलोर युरोपियन कमिशनचे, म्हणजे युरोपभरचे कायदे मांडणाऱ्या यंत्रणेचे, अध्यक्ष झाले आणि त्यांनी ब्रुसेल्सला व्हाल दुशेस नावाच्या वाड्यात मालकांच्या आणि कामगारांच्या युरोपभरच्या संघटनांना बोलावून बसवलं. कामगारांकडून ईटीयूसी, मालकांकडून तेव्हाची युनिसे, जिला आता बिझनेसयुरोप म्हणतात, शिवाय सरकारी उद्योगांची एक संघटना, छोट्या उद्योगांची नंतर आली. सहा वर्षं नुसत्या गप्पा आणि संयुक्त निवेदनं. मग १९९१ च्या ऑक्टोबरात दोघांनी मिळून एक मसुदा दिला आणि तो मास्ट्रिख्ट करारात गेला. त्यातली गोम समजून घे. कामगारांविषयी कुठलाही कायदा आणायचा तर कमिशनने आधी दोन्ही बाजूंना दोनदा विचारायचं, आणि त्या दोघांनी म्हटलं की थांबा, आम्हीच आपसात ठरवतो, तर त्यांना नऊ महिने द्यायचे. त्यांचं जमलं तर तो करार कायदा होऊ शकतो, नाही जमलं तर कमिशन आपला कायदा आणायला मोकळं.

आता मालक टेबलावर का आला ते कळलं? प्रेमाने नाही आला. न येऊन कायदा चुकणार नव्हता, उलट दुसऱ्याच्या हातचा आला असता. त्या धाकातच १९९५ ला पालकत्व रजेचा करार झाला, १९९७ ला पार्ट-टाइमवाल्यांचा, १९९९ ला ठराविक मुदतीच्या नोकऱ्यांचा, आणि तिन्ही कायदे झाले, सगळ्या सदस्य देशांना लागू. पार्ट-टाइम काम करणाऱ्या बाईला फक्त ती पार्ट-टाइम आहे म्हणून कमी लेखायचं नाही, हे तिथून आलं.

आणि जिथे धाक गेला तिथे गाडी अडली. २००२ चा टेलिवर्क करार, २००४ चा कामाच्या ताणाचा, हे ‘आम्ही आपले पाळू’ छापाचे, पाळले तर पाळले. सरकारी खात्यांतल्या कर्मचाऱ्यांना आधी माहिती द्यावी, विचारावं म्हणून २०१५ ला रीतसर करार झाला, कमिशनने २०१८ ला सांगितलं आम्ही ह्याचा कायदा करत नाही, युनियन कोर्टात गेली आणि सप्टेंबर २०२१ ला हरली, कोर्ट म्हणालं कमिशनची मर्जी. ड्युटी संपल्यावर फोन न उचलण्याचा हक्क, त्यावरची बोलणी नोव्हेंबर २०२३ मध्ये फिसकटली. मग पुन्हा २०२४ ला त्याच वाड्यात फोटो, आणि मार्च २०२५ ला नवीन ‘पॅक्ट’. सह्या झाल्या, बघू.

पगाराचं विचारलंस. युरोपच्या ह्या टेबलावर पगार येतच नाही, संपही नाही, करारातच बाहेर ठेवलेत. पगार ठरतो त्या-त्या देशात.

हवामानाचं आता. इथे मजा अशी की पुष्कळ बाबतीत मालक-युनियन एकाच सुरात बोलतात. वीज महाग झालीय, स्वस्त करा, दोघेही म्हणतात. चीनचं स्वस्त पोलाद येतंय, अडवा, दोघेही म्हणतात, आणि तुझा सीबॅम त्यातूनच आलेला आहे हे विसरू नको, तिथल्या कामगाराची नोकरी वाचवणारी तरतूद इथे तुझ्या गेटवर येऊन उभी राहिली. फाटतं कुठे, तर सरकारी पैसा मिळाला तर त्या बदल्यात नोकऱ्यांची हमी द्यायची का ह्यावर. युनियन म्हणते जस्ट ट्रान्झिशनचा कायदा करा, मालक म्हणतात नियम आधीच जास्त झालेत, कमी करा. आणि पर्यावरणाचे कायदे करारातल्या वेगळ्या कलमाखाली येतात, तिथे ती दोनदा विचारायची सक्ती नाही, नऊ महिने नाहीत. जून २०२२ ला देशांच्या सरकारांनी ह्या विषयावर जे काढलं ते पण शिफारसपत्र, बंधन कोणावर नाही. म्हणजे ज्या विषयावर उद्या सगळ्यात जास्त नोकऱ्या जाणार-येणार त्याच विषयात तो धाक नाही. साहेबांच्या स्लाइडवर हे नव्हतं ना?

डिचोली_टिपर

जस्ट ट्रान्झिशन म्हणे. आम्ही डिचोलीवाले ह्यावर पीएचडी करून बसलोत. सप्टेंबर २०१२ ला गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी बंद, मग सुरू, मग १६ मार्च २०१८ ला परत बंद, सुप्रीम कोर्टाने ८८ लीजांचं नूतनीकरण रद्द केलं तेव्हा. माझे दोन टिपर होते, दोन्ही बँकेच्या पैशाने. सरकारने कर्जसवलतीची योजना आणली, नाही म्हणत नाही, पण ती कर्जाची होती, कामाची नव्हती. एक टिपर घराच्या मागे उभा राहून टायर चिरले, मग फॅक्टरीत सिक्युरिटीला लागलो. कोणी आम्हाला एका टेबलावर बोलावलं नाही की बाबांनो ह्या तारखेला बंद होणार, तुम्ही काय करणार, कुठलं ट्रेनिंग पाहिजे.

स्पेनचं मी वाचलेलं. २०१८ च्या ऑक्टोबरात तिथे बहुतेक कोळसा खाणी बंद करताना सरकार, युनियन आणि खाणवाले तिघांनी आधी सही केली, २५ कोटी युरो, वयस्कर कामगारांना लवकर पेन्शन, तरुणांना ट्रेनिंग आणि खाणीची जागा साफ करायच्या कामात त्यांनाच आधी घ्यायचं. आमच्या पाळी-वेळग्याच्या डंपांवर किती लोकांना असं काम मिळालं असतं हिशोब करा.

जुना_युनियनवाला

टिपरबाब, तुझं दुःख खरं, पण दोन्ही एका तागडीत घालू नको. आमच्या खाणी हवामानासाठी बंद नाही झाल्या, कायदा मोडून चालवल्या म्हणून झाल्या, बेकायदा खाणींची चौकशी केलेल्या शहा आयोगाचा रिपोर्ट सगळ्यांनी वाचलाय. कोर्टाला तारीख विचारून बंदी येत नाही. स्पेनचा मुद्दा मात्र शंभर टक्के मान्य, आणि तो बंदीनंतरही करता आला असता.

डिचोली_टिपर

कायदा लीजवाल्याने मोडला. टायर माझे चिरले. असो.

लिस्बनवासी

पोर्तुगालहून लिहितोय, मूळ गाव कुंकळ्ळी, पासपोर्ट करून आलो तो इथेच राहिलो, वेअरहाऊसमध्ये शिफ्टला आहे. इथे देशपातळीवर असं टेबल १९८४ पासून आहे, सरकार, मालक आणि दोन मोठ्या युनियन. एक यूजीटी, ती बऱ्याचदा सही करते. दुसरी सीजीटीपी, ती बऱ्याचदा करत नाही, २०२२ चा उत्पन्नाचा करार तिच्याशिवायच झाला. दोघींचं आपसात पटत नाही. पण सरकारने नवीन कामगार कायद्यांचं पॅकेज आणलं तेव्हा ११ डिसेंबर २०२५ ला दोघींनी मिळून देशभर संप केला, २०१३ नंतर पहिल्यांदा. त्या दिवशी आमच्याकडे शिफ्टच लागली नाही. सांगायचं काय तर इथे टेबलावर बसणं आणि संप करणं दोन्ही चालतं, एक केलं म्हणून दुसरं सोडत नाहीत. तुमच्या साहेबांना हे सांगा.

अजून एक, पण कडू आहे. मी एजन्सीचा माणूस. टेबलावर जे ठरतं ते माझ्यापर्यंत येईस्तोवर पातळ होतं. सायनेशचा कोळशाचा वीज प्रकल्प जानेवारी २०२१ ला बंद केला, आधी २०२३ ठरलेलं ते अलीकडे आणलं. हवामानासाठी चांगलंच झालं. पण असं काही बंद होतं तेव्हा कंपनीच्या रोलवर कोण आणि कंत्राटदाराचा कोण हे सगळ्यात आधी विचारतात, हे मी माझ्या वेअरहाऊसातही बघितलंय, तुम्हीही कुंडईत बघत असालच.

एचआर_मडगाव

शिव्या खाणार माहीत असून लिहितोय. सगळे मॅनेजमेंटवाले खोटं बोलतात असं नसतं. युरोपातल्या मालकांचं रडगाणं पण खरं आहे, युरोपचे उद्योग मागे का पडतायत ह्यावरच्या सप्टेंबर २०२४ च्या द्राघी रिपोर्टमध्ये स्पष्ट लिहिलंय की तिथल्या कंपन्यांना वीज अमेरिकेच्या दोन-तीन पट महाग पडते. असा कस्टमर कुठून तरी पैसा वाचवायला बघणारच, आणि तो वाचवणार सप्लायरकडून, म्हणजे आमच्याकडून. फिटर दादा, तुमच्या साहेबांनी चूक एकच केली, कागद न दाखवता कारण सांगितलं. फोक्सवागनचं उदाहरण घ्या, डिसेंबर २०२४ ला ७० तासांच्या वर बोलणी चालली, शेवटी २०३० पर्यंत ३५ हजार नोकऱ्या कमी करायचं युनियननेही मानलं, पण सक्तीने कोणाला काढायचं नाही आणि कुठला प्लांट लगेच बंद करायचा नाही ह्या अटीवर. तिथे वर्क्स कौन्सिलसमोर, म्हणजे कामगारांनी निवडलेल्या मंडळासमोर, हिशोब मांडावे लागतात म्हणून हे जमतं. आमच्याकडे वर्क्स कमिटी शंभर किंवा जास्त कामगार असले की लागते, पण खरं सांगू का, तिच्यात कँटीनचा डाळ-भात सोडून दुसरं काही बोललं गेलेलं मी बघितलेलं नाही.

जुना_युनियनवाला

एचआर साहेब शिव्या नाही खाणार, चांगलं लिहिलंत. पण जर्मनीत वर्क्स कौन्सिलच्या पाठीशी कायदा आहे, आणि सुपरव्हायझरी बोर्डावर कामगारांच्या खुर्च्या आहेत १९७६ च्या कायद्याने. आमच्याकडे त्रिपक्षीय म्हणून जी इंडियन लेबर कॉन्फरन्स होती ती २०१५ नंतर भरलीच नाही, आणि नोव्हेंबर २०२५ ला कामगार कायद्यांचे चार कोड लागू झाले ते तिच्याशिवायच. आता ३०० पेक्षा कमी कामगार असलेला कारखाना बंद करायला सरकारची परवानगी लागत नाही, आधी १०० ची मर्यादा होती. इस्टेटीतले किती कारखाने ३०० च्या वर आहेत, मोजा.

फिटरा, तुला उपयोगी पडेल असं एक उदाहरण देतो आणि ते आपल्याच टाटांचं आहे. हॉलंडात आयमाउडनला टाटा स्टीलचा मोठा प्लांट. कंपनीचा विचार होता की भट्ट्या तशाच ठेवायच्या, निघणारा कार्बन पकडून समुद्राखाली पुरायचा. तिथल्या एफएनव्ही युनियनने बाहेरचे तज्ज्ञ लावून स्वतःचा प्लान तयार केला, हायड्रोजनवर लोखंड काढायचा, त्यात नोकऱ्या टिकतात आणि आजूबाजूच्या गावांना धूळ कमी. सप्टेंबर २०२१ ला कंपनीने आपला रस्ता बदलला आणि हाच धरला. पुढे पैशावरून सरकारशी रखडपट्टी झाली ती वेगळी. पण युनियन आकडे घेऊन गेली होती, नुसता ‘विरोध’ घेऊन नाही. (जाता जाता, त्या पद्धतीला फार उंच ग्रेडचं खनिज लागतं, आमचं गोव्याचं हलकं खनिज तिथे चालत नाही. टिपरबाब, हे तुझ्यासाठी.)

फिटर_कुंडई

एवढं लिहाल असं वाटलं नव्हतं. काल जेवणाच्या सुट्टीत कमिटीला वाचून दाखवलं, स्टोअरवाल्याने लगेच सांगितलं की रॉड तीन मिलमधून येतो आणि त्यातली एक भंगारवाली आहे, पण तिची ऑर्डर गेल्या वर्षी कमी केली. का केली कोणाला माहीत नाही. म्हणजे महाग टॅक्सवाला रॉड पर्चेसने वाढवला आणि बिल आमच्या बेसिकवर.

आता आमचं असं ठरतंय की बेसिकची मागणी सोडायची नाही, आणि चार्टरला एक पुरवणी जोडायची. कस्टमरने भाव पाडला असेल तर त्याचा कागद, मिलप्रमाणे रॉडचा कार्बनचा आकडा, आणि सीबॅममुळे मशीन किंवा लाइन बदलायची ठरली तर आधी कमिटीला सांगायचं, नवीन मशीनवर ट्रेनिंग आमच्याच लोकांना द्यायचं. हे ट्वेल्व्ह-थ्रीत, म्हणजे लेबर ऑफिसरसमोर होणाऱ्या सेटलमेंटमध्ये, घालता येतं का? म्हणजे आता नव्या कोडात जे काही त्याला म्हणतात ते.

माशेल_एक्स्पोर्ट

रॉडचा आकडा मागताना ‘मिलचा व्हेरिफाय केलेला डेटा’ असं लिहा, नाहीतर डिफॉल्टचाच कागद हातात देतील. भंगारवाल्या मिलची टेस्ट सर्टिफिकेटं स्टोअरला असतील, प्रत्येक हीटचा, म्हणजे वितळवलेल्या प्रत्येक घाण्याचा, नंबर असतो त्यावर, ती जपून ठेवा.

जुना_युनियनवाला

घालता येतं. दोघांच्या संमतीने काहीही घालता येतं, संमती मिळवायची कशी हा तुमचा प्रश्न, आणि त्यासाठी कारखान्यात दुसरीही युनियन असेल तर आधी मस्टरवरचे ५१ टक्के कामगार तुमच्याकडे आहेत ना ते बघ, तशा वेळी नव्या कोडात तेवढे असल्याशिवाय एकट्या युनियनला बोलणीवाली म्हणून धरत नाहीत. मसुदा मला मेसेजमध्ये पाठव, भाषा बघून देतो, ‘शक्यतोवर’ हा शब्द कुठे शिरू देऊ नको.

आणि लिस्बनवाल्याने लिहिलं ते वाचलंस ना? तुमच्या पॅकिंगला नि प्लेटिंगला कंत्राटदाराची मुलं आहेत, मला माहीत आहे कुंडईचं. ट्रेनिंग ‘आमच्याच लोकांना’ लिहिलंयस त्यात ती धरलीत का? नसतील तर ते वाक्य आधी बदल, मग पाठव.